गेलेल्या सावलीच्या जागीं

मिरजेहून पंढरपूरकडे जातांना कवठे महांकाळच्या अलीकडे भोसें नांवाचें गांव लागतें. तेथें यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ एक वड होता. लोक त्याचें वय चारशें वर्षें सांगत. त्याचा विस्तार सुमारें चारशें चौरस मीटर होता, आणि आषाढीस पायीं निघालेले वारकरी त्याच्याखालीं विसावत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामांत हा वड जाणार असें दिसतांच लोकांनीं आवाज उठविला. राज्याचे त्या वेळचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनीं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांस पत्र लिहिलें, आणि जुलै २०२० मध्यें रस्त्याची आखणी बदलून वड वांचविण्यांत आला. पुढें २०२२ सालीं तो कोसळला. कुऱ्हाडींतून सुटलेल्या झाडासहि आयुष्याची मर्यादा असतेच.

मग त्या जागीं काय लावावें? राज्याच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांसंबंधींचा १९७५ चा कायदा २०२१ सालीं सुधारण्यांत आला. पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास त्यानें वारसावृक्ष म्हटलें, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं रोपें लावावींत असें ठरविलें. हेतु चांगला आहे. परंतु वडाखालीं बसणाऱ्या वारकऱ्यास चारशें काठ्यांची सावली मिळत नाहीं.

हाच प्रश्न लहान प्रमाणावर घरोघर उभा राहतो. कवठे महांकाळचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी वर चढविलें आणि द्राक्षबागा बहरल्या, तरी माळावरच्या घराच्या अंगणास तें पाणी थोडेंच पोंचतें! अशा अंगणांतलें जुनें झाड वादळांत पडलें, कीं पहिल्याच वैशाखांत घर बदलतें. दुपारच्या उन्हानें पश्चिमेची भिंत तापते आणि तीच उष्णता रात्रीं खोलींत सोडीत राहते. घरांतील वडील माणूस म्हणतो, "लौकर वाढणारें झाड आणा, सावलींत मलाहि बसूं द्या." ही मागणी हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थास चिंच लावण्याचा उपदेश करणें शहाणपणाचें असेल, पण तें दयेचें खचित नाहीं.

तथापि जें झाड वर्षांत दोन पुरुष उंच होतें, तें सहसा लांकूड विरळ ठेवूनच होतें. घट्ट लांकूड भरण्यास काळ लागतो, आणि तो काळ वांचविला कीं त्याचें मोल वाऱ्याच्या पहिल्या झोतास मोजावें लागतें. गुलमोहराचेंच घ्या. मादागास्करहून आलेलें हें झाड लौकर डेरेदार होतें आणि फुललें म्हणजे डोळे निवतात. परंतु कोरड्या मुलुखांत तें ऐन उन्हाळ्यांत पानें गाळतें. सावलीची निकड असतां फुलें दाखवितें. त्याच्या मुळ्या उथळ, फांद्या ठिसूळ. चित्रांत शोभणारें झाड तें चित्रांतच असावें! सुबाभूळ वाढते खरी, पण तिचें बीं सगळ्या परसांत पसरतें. निलगिरीस उंची आहे, सावली नाहीं. पर्जन्यवृक्षाची छत्री भव्य असते, मात्र तिला मैदान हवें, अंगण पुरत नाहीं. शिरीष देशी आहे आणि भराभर वाढतो. परंतु उन्हाळ्याचा बराचसा काळ तो वाळलेल्या शेंगा खुळखुळवीत उघडाच उभा असतो.

राहतां राहिले करंज आणि कडुनिंब. दोन्ही मुरमाड जमीन सोसतात. करंजाची सावली दाट. थोड्याच दिवसांत जुनें पान टाकून तो नवें घेतो. कडुनिंब फाल्गुनाच्या सुमारास पानें गाळतो आणि पाडव्याला गुढीसाठीं कोंवळी डहाळी देतो, म्हणजे वैशाखाच्या उन्हापूर्वीं त्याचा डेरा भरलेला असतो. या मुलुखांत निंबासच पहिला मान द्यावा.

निंब लावतांना घाईचा मोह होतो तो उंच रोप विकत आणण्याचा. पिशवींत फार दिवस राहिलेल्या रोपाचें मूळ तळाशीं गुंडाळलेलें असतें, आणि तें पुढेंहि सरळ खालीं जाण्यास नाखूष असतें. त्यापेक्षां वीतभर रोप बरें. आषाढांत झाडाखालीं पडलेली ताजी निंबोळी जागच्या जागीं पेरली, तर त्याहूनहि उत्तम. मात्र ती जुनी नसावी, कारण थोड्याच आठवड्यांत तिची उगवणशक्ति जाते. घराच्या पश्चिमेस, भिंतीपासून वीस फूट सोडून, तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा वैशाखांतच खणून तापूं द्यावा. पहिले दोन उन्हाळे रोपाशेजारीं एक मातीचें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें भरीत जावें. पाणी झिरपत मुळाशीं पोंचतें, वर वाफ होऊन जात नाहीं.

पण वडील माणसाचें काय? त्यांच्यासाठीं त्याच पावसाळ्यांत, निंबाच्या व भिंतीच्या मधोमध, शेवग्याचा मनगटाएवढा फांटा रोंवावा. दोन उन्हाळ्यांत विरळ कां होईना, पण खाट टाकण्याजोगी सावली होते. शेवगा दारांत नसावा असें जुन्या बायका म्हणत. त्यांत अर्थ आहे, कारण त्याची फांदी मुलाचें ओझें सोसत नाहीं. म्हणून दरवर्षीं शेंगा संपल्यावर तो छाटावा, आणि मुलांना खालींच खेळूं द्यावें.

भोशासारख्या मोकळ्या जागीं मात्र वडच लावावा. त्याची जाड फांदी ज्येष्ठांत पुरली तरी फुटते. त्याच्या पारंब्या कोणी तोडूं नयेत. जमिनीस टेकलेली पारंबीच पुढें खांब होऊन आडव्या फांदीचा भार उचलते. ती नसेल तर सारा भार एकट्या बुंध्यावर येतो.

अंगणांतला निंब पांच-सहा वर्षांत हळूहळू भिंतीवर सावली टाकूं लागतो. ती पुरेशी झाली, कीं शेवगा बुडाशीं कापावा, नाहीं तर दोघेहि एकमेकांच्या उन्हासाठीं वांकडे वाढतात. घरांतून शेंगांसाठीं कुरकुर होईलच. त्याचा एक फांटा परसांत कुंपणाकडेला खोंचून द्यावा, तो जगतो.