किर्लोस्करवाडीचीं माणसें

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पासली, जिल्हा पुणें, येथें भरलेल्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



वेल्ह्याहून मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरील ह्या पासली गांवीं आपण आज जमलों आहोंत. भात व नाचणी हीं ह्या डोंगराळ मुलखाचीं पिकें. तीं घरीं आलीं म्हणजे येथील पुष्कळ तरुण मजुरीसाठीं पुण्याची वाट धरतात. तेथें त्यांना कामावर ठेवणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामांतील मंडळीही आहेत. कोणी कंत्राटदार, कोणी मुकादम, कोणी दुकानदार. आम्हींही मंदिराच्या आवारांतील कामांसाठीं मजूर लाविले आहेत. म्हणून ज्याच्या हाताखालीं माणसें राबतात त्यानें त्यांच्याशीं कसें वागावें, हाच विषय आम्हीं आज घेतला आहे. ह्या विषयाचें आणखी एक कारण आहे. तें शेवटीं सांगूं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले; परंतु डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद कळेना, तेव्हां ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिकवूं लागले. तेथें त्यांना डावलून बढती दुसऱ्यास देण्यांत आली. त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवास बंधु रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या धंद्यांत ते पुरते शिरले. पुढें त्यांच्या कारखान्यांत कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार होऊं लागले. लोखंडानें जमिनीला विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिले नांगर बराच काळ विक्रीवांचून पडून राहिले.

1910 सालीं बेळगांवची जागा नगरपालिकेच्या सांगण्यावरून सोडावी लागली. तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली व भांडवलासाठीं कर्जही दिलें. 32 एकरांचा तो ओसाड माळ. त्यावर निवडुंग माजलेला आणि सापांचा वावर. अशा माळावर पंचवीस कामगार आपापल्या बायकामुलांसह राहावयास आले. तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. बंधुहो, अशा जागीं कोणी केवळ हुकुमानें बिऱ्हाड आणीत नाहीं. ज्याच्यामागें जावयाचें त्याच्यावर भरंवसा असावा लागतो. आणि ज्यानें आधीं आपल्यावर भरंवसा टाकिला त्याच्यावरच माणूस तो टाकितो.

लक्ष्मणरावांनीं माणसें कशीं निवडलीं तें पाहा. वसाहतीची आंखणी व कारभार रामूअण्णांनीं सांभाळिला. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार होते. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब होता. के. के. कुलकर्णी व्यवस्थापनापासून आग विझविण्यापर्यंत पडेल तें काम करीत. अनंतराव फळणीकर यांनीं शाळा अर्ध्यांतच सोडली होती. तेच पुढें कल्पक इंजिनिअर ठरले. प्रमाणपत्र पाहून माणूस घ्यावयाचा असता, तर फळणीकर दारांतूनच परत गेले असते. वाडींत अस्पृश्यता पाळूं नये असाही लक्ष्मणरावांचा नियम होता. कसबाला जात विचारावयाची नाहीं, हें त्यांनीं आचरणांत आणिलें.

परंतु आमच्या मनाला सर्वांत अधिक लागलेली गोष्ट निराळीच आहे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे पूर्वीं दरोडेखोर म्हणून ओळखले जात. लक्ष्मणरावांनीं त्यांनाच वाडीचे रखवालदार नेमिलें, आणि ते विश्वासू राखणदार ठरले. ज्याच्या भीतीनें लोक दारें लावीत, त्याच्या भरंवशावर वाडी रात्रीं निजूं लागली. ह्याच औंध संस्थानांत 1939 सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. त्या प्रयोगावरूनच 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट सुचला. विश्वासानें माणूस बिघडतो असें म्हणणाऱ्यांनीं हे दोन दाखले ध्यानांत ठेवावे.

आतां आमची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आवारांतील एका इमारतीची दुरुस्ती चालली होती. सिमेंटच्या सहा गोण्या कमी भरल्या. गवंड्याच्या हाताखालीं ह्याच खोऱ्यांतील एक तरुण होता. रात्रीं तोच आवारांत निजे. आम्हीं सर्व मजुरांदेखत त्याला जाब विचारिला आणि त्याच दिवशीं कामावरून काढून टाकिलें. तो एवढेंच म्हणाला, “फादर, मी घेतल्या नाहीत.” चार दिवसांनीं सहा गोण्या आल्या. त्या दुसऱ्या खेपेस येतील असें चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेलें होतें. आम्हीं चिठ्ठी उलटून पाहिली नव्हती. आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो कामाच्या शोधांत मुंबईस गेला होता. त्याच्या आईनें आम्हांस बसावयास घोंगडी दिली, चहा दिला, आणि सगळें ऐकून घेऊन विचारिलें, “आधी मोजलं नव्हतं का, बाबा?” त्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

लक्ष्मणरावांनीं दरोडेखोराला रखवालदार केलें. आम्हीं रखवालदाराला चोर ठरविलें. त्यांनीं कारखाना चालविला, आणि आम्ही प्रवचनें करितों. ह्या तुलनेनें आम्हांस लाज वाटते, आणि ती वाटावी हेंच योग्य. आळ चारचौघांत घातला होता. म्हणून त्या तरुणाची निरपराधता आम्ही त्याच्याच मुलखांत, आपणां सर्वांसमक्ष जाहीर करितों. हेंच तें शेवटीं सांगावयाचें कारण. हें भाषण स्मरणिकेंत छापावें अशीही आमची इच्छा आहे, म्हणजे तें आमच्यामागेंही राहील.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. मालकाच्या चांगुलपणानें मजुराचा हक्क फिटत नाहीं. चांगला मालक उद्यां नसेल. हक्क राहिला पाहिजे. पोप तेरावे लिओ यांनीं 15 मे 1891 रोजीं ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकांत हेंच सांगितलें. काटकसरीनें राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी त्याला मिळाली पाहिजे, आणि कामगारांना आपले संघ स्थापण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची शिकवण आहे. गोड बोलून मजुरी थकविणारा मालक ह्या कसोटीस उतरत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या हाताखालीं एक जरी माणूस असेल त्यांना आमची विनंति आहे. त्याचें नांव व गांव ठाऊक करून घ्या. मजुरी ठरल्या दिवशीं द्या. त्याला जें येत नाहीं तें शिकवा. जबाबदारीचें काम देऊन पाहा. आणि दोष देण्यापूर्वीं मोजा. चिठ्ठीची पाठही वाचा.

तो तरुण आपणांपैकीं कोणास भेटला, तर आम्ही क्षमा मागतों असें त्याला सांगा, आणि आवारांत त्याचें काम त्याच्यासाठीं राखून ठेविलें आहे, हेंही सांगा. परमेश्वर आपल्या हातांना बरकत देवो, व आपल्या हाताखालच्या हातांनाही.