निकाहपूर्वी विचारलेला प्रश्न

(विद्यार्थिनी मेळाव्यात एका डॉक्टर भगिनीने केलेले भाषण)



संततिनियमनाचा विषय अविवाहित मुलींसमोर कशाला, असे काही पालकांनी मला विचारले. त्यांच्या काळजीचा मी आदर करते. परंतु उत्तर मुलींनीच दिले आहे. मी निनावी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. एकीने लिहिले, ‘गोळ्यांनी कायमचे वांझपण येते का?’ दुसरी म्हणते, ‘शेवटच्या वर्षाला असतानाच निकाह ठरला आहे. परीक्षा होईपर्यंत मूल नको म्हटले तर गुनाह होईल का?’ तिसरीच्या चिठ्ठीत एवढेच आहे, ‘विचारले तर लोक चारित्र्यावर संशय घेतील.’

पहिलीला सांगते, नाही. गोळ्या थांबवल्यावर किंवा तांबी काढल्यावर पुन्हा दिवस राहू शकतात. इंजेक्शनानंतर काही महिने उशीर होऊ शकतो, इतकेच. कोणते साधन कोणाला मानवेल, हे मात्र डॉक्टरांनी तपासून ठरवावे. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी ही अडचणीच्या वेळची सोय आहे, नेहमीचा उपाय नव्हे.

दुसरीने ऐकावे. पैगंबरसाहेबांच्या (सल्ल.) हयातीत ‘अज्ल’ केले जात असे, असे हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनीही त्याला मुभा दिली. पतिपत्नीच्या संमतीने तात्पुरती, निरुपद्रवी साधने वापरण्यास अनेक उलेमा परवानगी देतात. कायमच्या शस्त्रक्रियेला मात्र अनेकांचा विरोध आहे. म्हणून शिक्षण पुरे करण्याची गोष्ट निकाहपूर्वीच दोन्ही घरांत बोलून घ्यावी.

तिसरी चिठ्ठी मला सर्वांत अधिक बोचली. निकाहबाहेरचे संबंध आपल्या धर्मात निषिद्ध आहेत, याविषयी वाद नाही. पण माहिती असणे म्हणजे आचरण बिघडणे नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यांच्यावरही अनीतीचा ठपका आला. त्याला शंभर वर्षे उलटली, तरी शिकलेली मुलगी आपल्याच शरीराविषयी विचारताना नाव लपवते, हे आपल्या शिक्षणाचे अपयश आहे.

संस्थेला माझी नम्र विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी दरवर्षी एका लेडी डॉक्टरचे व्याख्यान ठेवावे. आणि मातांनो, मुलीने विचारले तर रागावू नका. घरात उत्तर मिळाले नाही, तर ती अर्धवट माहिती असणाऱ्या मैत्रिणीला विचारील. त्याची किंमत तिलाच मोजावी लागेल.

खुदा हाफिज.