‘आत्महत्या’ हा शब्द कोण लिहितो?



गावात एखादी सून जळून मेली की पोलिस पाटलाची वर्दी ठाण्यावर पोचते आणि अकस्मात मृत्यूची नोंद होते. पुष्कळदा त्याच दिवशी पंचनाम्यात ‘आत्महत्या असावी’ किंवा ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे वाक्य पडते. शवविच्छेदन अजून व्हावयाचे असते. माहेरची माणसे अजून एस.टी.त असतात. पुढचा सारा तपास मग या एका वाक्याच्या मागून चालतो.

कायद्याची रचना अशी नाही. प्रेत कुठे व कसे सापडले, अंगावर कोणत्या जखमा दिसतात आणि मृत्यूचे दृश्य कारण काय, एवढेच पंचनाम्यात यावे. वैद्यकीय कारण सांगावयाचे ते डॉक्टरने. हे मरण आत्महत्येचे, अपघाताचे की खुनाचे, हा तिसरा व वेगळा प्रश्न होय. प्रेत, जागा आणि जबान्या एकत्र ठेवल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही. या तिन्हींची गल्लत होते तेव्हा तिची किंमत बहुधा दुर्बलांनाच मोजावी लागते.

प्रेत पुष्कळ सांगते. गळफासाने लटकलेल्या देहावरील वळ सहसा गळ्याच्या वरच्या भागी, तिरपा असतो व गाठीजवळ तुटतो. दोरीने आवळून मारले असेल तर तो बहुधा खाली, आडवा आणि गळ्याभोवती पूर्ण फिरलेला आढळतो. जळालेल्या देहाच्या श्वासनलिकेत काजळी व रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता हे ठरते. परंतु काडी कोणी ओढली, हे श्वासनलिका सांगू शकत नाही. ते सांगते रॉकेलच्या डब्याची जागा. दाराची कडी आतून होती की बाहेरून. स्टोव्ह खरोखर फुटला होता की कोपऱ्यात सुखरूप होता. आणि नेमकी हीच जागा पोलिस येईपर्यंत सारवून स्वच्छ झालेली असते!

स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलला. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, अथवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर प्रेत शवविच्छेदनासाठी पाठविणे पोलिसांवर बंधनकारक झाले. तिच्या नातेवाइकाने तशी मागणी केली तरी तेच. 1986 मध्ये हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्येही शवविच्छेदनाची तरतूद कायम आहे.

तरीही विज्ञान व कायदा दोन्ही कुठे अडतात, हे पुण्यातील एका खटल्यात दिसले. जून 1982 मध्ये एका नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. विषाने मृत्यू झाला हे सिद्ध होते. पण ते विष पतीजवळ होते याचा पुरावा नव्हता, आणि तिच्याच पत्रांतील खिन्नतेमुळे आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. अशा निकालाचा संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व चळवळीने सोडले, तर तुरुंगात जाणाऱ्या तिच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांना उद्या कोणता आधार उरेल?

विदर्भातील शेतकऱ्याच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तेथे आत्महत्या कोणी नाकारत नाही. वाद असतो तो कारणाचा, आणि ते कारण डॉक्टर ठरवीत नाही. 19 डिसेंबर 2005 च्या शासन निर्णयानुसार एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे सातबारा आणि थकलेले कर्ज पाहून समिती ठरवते. खंडाने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. मग कागदोपत्री तो शेतकरीही नसतो.

कार्यकर्त्यांनी म्हणून अंत्ययात्रेला नव्हे, पंचनाम्याला पोचावे. पंच म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर अक्षरशः वाचून घ्यावा, दृश्य जखमांच्या पलीकडचा निष्कर्ष त्यात असेल तर हरकत नोंदवावी. शवविच्छेदनाची मागणी माहेरच्या माणसांकडून लेखी द्यावी आणि तिची पोच, तारीख व वेळेसह, ठाण्यातूनच घेऊन निघावे.