खोटे बाळसे : कॉर्टिसॉल वाढल्याने होणारा विकार



चेहरा गोल झाला, गाल वर आले की आपल्याकडे "तब्येत सुधारली" म्हणून कौतुक होते. आज ज्या विकाराविषयी बोलणार आहे त्यात माणूस असाच भरलेला दिसतो, पण आतून झिजत असतो. त्याचे नाव कुशिंग सिंड्रोम. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली अशा एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १९३२ साली त्यांनी या विकाराचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीशी जोडला.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात उतरते. ते काही शत्रू नव्हे. आजारपणात, उपासात रक्तदाब आणि साखर सांभाळण्याचे काम तेच करते. पहाटे ते चढते, मध्यरात्री उतरते. ते महिनोन् महिने जास्त राहिले की चरबी चेहऱ्यावर, पोटावर आणि मानेमागे साठते. हातपाय मात्र काटकुळे होतात. जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटतात, जरा धक्का लागला की कातडीखाली रक्त साकळते. साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात, पाळी चुकते, मन खिन्न होते. आणि घरचे म्हणतात, जरा खाणे कमी करा!

पोट सुटलेल्या प्रत्येकाला हा विकार असतो असे नाही. शरीरातील गाठीमुळे होणारा हा रोग दुर्मीळच आहे. शंका आली तर चोवीस तासांची लघवी तपासतात, किंवा रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी रक्त तपासतात. निरोगी माणसात त्या गोळीने कॉर्टिसॉल दबते, या रोगात दबत नाही. पीयूषिकेतील गाठ बहुधा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात.

मग एवढ्या दुर्मीळ रोगासाठी आपला वेळ का घ्यावा? कारण त्याचे दुसरे रूप आपल्या वस्तीत फिरते आहे, आणि ते औषधातून येते. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, तेव्हा जखडलेला माणूस काही दिवसांत चालू लागला. १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसॉलच्या जातीची ही स्टेरॉइड औषधे दम्यात, संधिवातात आजही जीव वाचवतात. पण गुडघेदुखीवर नाव नसलेली पुडी कोणी देतो, "जडीबुटी आहे" म्हणतो, चार दिवसांत दुखणे पळते, भूक वाढते. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. इतका झटपट गुण आला की माझ्या मते आनंदापेक्षा संशय आधी यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझे भाषण ऐकून घरी जाऊन गोळ्या फेकू नका! बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीरातील ग्रंथी झोपी जातात. गोळी एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्राणावर बेतते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, कधी आठवडे लागतात, कधी महिने. दम्याच्या पंपात स्टेरॉइडची मात्रा फार कमी असते. तो भीतीने सोडू नये, वापरल्यावर चूळ मात्र भरावी.

भगिनींसाठी एक गोष्ट राहिली. गोरे होण्यासाठी चेहऱ्याला लावतात त्यांतल्या काही क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असते. तेही स्टेरॉइडच. त्याने कातडी पातळ होते, आणि बराच काळ, बऱ्याच अंगाला लावल्यास ते रक्तातही उतरते. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पुढच्या वेळी ट्यूब घेताना तिच्यावरची बारीक अक्षरे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.