पत्ता शेवटाकडून वाचा

'आज रात्री वीज तोडली जाईल' असा मेसेज आला की जीव घाबरतो आणि बोट लिंकवर जातं. ठगाला हवी असते ती हीच घाई. उघडलेलं पान हुबेहूब खरं दिसतं. बोधचिन्ह कुणालाही उचलता येतं. कुलपाचं चिन्हही फसव्या पानावर असू शकतं. म्हणून वरचा पत्ता नीट बघा. साइटच्या नावाचा शेवटचा भागच खरा मालक सांगतो. सुरुवातीला बँकेचं नाव असलं तरी त्यावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असलेले पत्ते घ्यायला सांगितलं, ते याचसाठी. पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.