विम्याच्या अर्जात वणवा नाही



मंडणगड तालुक्यात माघ-फाल्गुनातल्या रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसली, की घरात पहिला प्रश्न येतो, "कुणाच्या अंगाला चाललाय?" आपल्या अंगाला येत नसेल तर दार लावून झोपायचं. मीही असाच झोपत आलो. काही वर्षांपूर्वी तो आमच्या बागेत उतरला. हिरव्या डहाळ्यांनी झोडपत आम्ही तो पहाटे गडग्याशी थोपवला, पण तोवर खालच्या अंगाची पंचवीस-तीस कलमं त्याच्या तावडीत सापडली होती. सकाळी झाडं उभीच होती. पानं तांबूस, मोहोर करपलेला, बुंधे काळे. पंचनाम्यात झाडं होरपळली असं लिहिलं गेलं. श्रावण येईतो त्यातली निम्मी वाळून सरपण झाली. सालीखालचा जिवंत थर आगीने शिजतो आणि झाड मरायला मात्र कित्येक महिने लागतात. पंचनामा त्याआधीच झालेला असतो.

मग विम्याचं काय, असं तुम्ही विचाराल. आंबा-काजूसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे, आणि आपल्याकडचे बरेच बागायतदार ती घेतात. तिचं काम कसं चालतं पाहा. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, तापमान, वारा यांची नोंद होते. त्या पिकासाठी ठरवलेली पातळी ओलांडली की मंडळातल्या विमाधारकांना भरपाई मिळते. कुणाच्या बागेत जाऊन पाहावं लागत नाही. गारपिटीसाठी जादा हप्ता भरायचा. हे सगळं पावसाच्या आणि उन्हाच्या नुकसानीला ठीक आहे. पण वणवा एका डोंगराची एक बाजू जाळतो, शेजारची सोडतो. दोन कोसांवरच्या केंद्राला ते कळायला वाटच नाही. शिवाय ही योजना त्या हंगामाच्या पिकापुरती. हापूसचं कलम नीट धरायला सहा-सात वर्षं जातात, भरात यायला त्याहून जास्त. जळतं ते झाड, आणि झाडाचा विमा या योजनेत नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आगीचा उल्लेख सापडतो, पण तो वीज पडून लागलेल्या नैसर्गिक आगीचा. आपला वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो.

सरकारी मदतीचाही हिशेब करू. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आग आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांत बारमाही पिकांना, नुकसान किमान ३३ टक्के असेल तर, हेक्टरी २२,५०० रुपये ठरले होते, तेही २ हेक्टरपर्यंत. दहा मीटरवर एक कलम धरलं तर हेक्टरात १०० कलमं बसतात. म्हणजे मदत पूर्ण मंजूर झाली तरी एका कलमामागे २२५ रुपये.

घराची गोष्ट वेगळी आहे, आणि ही मुद्दाम सांगतो, कारण फार थोड्यांना माहीत असते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते. तिच्या संरक्षणात जंगलातली आग हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. डोंगराला लागून घर असेल तर ही पॉलिसी जरूर विचारा. घराला वणव्याचं संरक्षण मिळू शकतं, तर घर चालवणाऱ्या बागेला का मिळू नये?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात उलटं घडलं. तिथे विमा होता, पण वणव्यांनी कंपन्या हबकल्या. २०२३च्या मे महिन्यात स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने त्या राज्यात नवे घरविमे देणं थांबवलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ हजारो घरं जळाली. मात्र तिथल्या एका नियमाचा मी वारंवार विचार करतो. २०२२ पासून, ज्याने घराभोवतीचं पेटण्याजोगं सगळं काढलं, ज्याच्या वस्तीने मिळून काळजी घेतली, त्याला हप्त्यात सवलत देणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. हे आपल्याकडे हवं. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा साफ पट्टा, काढणाऱ्या गावाला वणव्याचा विमा, आणि तोही कमी हप्त्यात.

कारण आपल्या डोंगरावर गवत साठलंय. पूर्वी हेच गवत दिवाळीनंतर कापून उडव्या रचल्या जात. वैरण त्यातून, घरांची शाकारणी त्यातून. गुरं कमी झाली, घरांवर पत्रे आणि कौलं आली, माणसं मुंबईला गेली. वरकस जमिनीच्या एका सातबारावर वीस-वीस नावं, त्यातली अठरा मुंबईत. गवत कापणार कोण? ते जानेवारीत वाळून उभं राहतं, त्यात आयन-किंजळीचा पातेरा. मग कुणी भाताच्या रोपांसाठी दाढ भाजायला लावलेली आग सुटते, कुणी विडी टाकतं, कुणी 'जाळलं की पुढल्या वर्षी गवत जोमाने येतं' म्हणून काडी ओढतं. दुपारचा खारा वारा ती आग चढावर नेतो. चढावर ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवते, म्हणून वणवा वर पळतो, आणि म्हणूनच तो विझवायला वरच्या बाजूने उतरणं जिवावर बेततं. मुलांना हे शिकवा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीतल्या बागा आडव्या केल्या. त्यानंतर उमेदीने लावलेली कलमं आता कुठे धरू लागली आहेत. त्यांची साल पातळ आहे. एक वणवा त्यांना पुरे.

दाढ भाजायची तर पहाटे, दंव असताना, भोवती पट्टा साफ करून, हाताशी पाणी आणि दोन माणसं ठेवून. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. गावातल्या एका तरुणावर हे काम सोपवा. आणि मुंबईतल्या वाटेकऱ्यांनो, शिमग्याला या, पण गवत कापायची संमती आणि मजुरीचा वाटा तुळशीच्या लग्नाआधी पाठवा. शिमग्यापर्यंत डोंगर काळा झालेला असतो.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते. जाळरेषेचा ठराव, कोणत्या वाडीने कुठून कुठवर पट्टा काढायचा याची यादी, आणि फळपीक विम्यात वणव्याचा समावेश करावा अशी कृषी खात्याकडे मागणी, हे तिन्ही विषय त्याच सभेत घ्या. पुढची सभा २६ जानेवारीची, आणि तोवर सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं.