थायरॉईड, हाडे आणि रुग्णाची वही

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षक व पंचायत सदस्यांच्या आरोग्य शिबिरात एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरंभीच सांगते की, मी डॉक्टर नाही. 35 वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना गणित शिकविले, एवढीच माझी विद्या. तरीही संयोजकांनी मला येथे उभे केले, कारण स्वतःच्या दुखण्याचे आकडे मी बरीच वर्षे वाचले नाहीत आणि त्याचे परिणाम मला भोगावे लागले. ती हकिगत आपणांपैकी काहींच्या घरी आजही घडत असेल.

2012 साली मला कमालीचा थकवा येऊ लागला. वजन वाढले, केस गळू लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजे. रक्त तपासले तेव्हा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे निदान झाले आणि रोज सकाळी घ्यावयाची एक गोळी सुरू झाली. 2014 मध्ये मात्रा वाढवून 125 मायक्रोग्रॅम करण्यात आली. मला हुशारी वाटू लागली, वजन उतरले, आणि पुढे तीच चिठ्ठी दुकानात दाखवून मी गोळ्या आणीत राहिले. पुन्हा तपासणीस या, असे मला कोणी बजावले नाही, आणि मीही विचारले नाही. छातीत धडधड होई, झोप लागत नसे, खडू धरताना हात कापे. मुख्याध्यापकपदाची जबाबदारी आली की असे व्हायचेच, अशी मी समजूत करून घेतली होती.

2019 च्या पावसाळ्यात शाळेच्या ओल्या व्हरांड्यात मी घसरले आणि उजवे मनगट मोडले. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले, पण उभ्या माणसाने साधे घसरून हाड मोडावे हे त्यांना खटकले. त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करविली. या तपासणीत तरुण निरोगी हाडाशी तुलना करून एक आकडा देतात. तो वजा 2.5 किंवा त्याहून खाली गेला की, हाडे ठिसूळ झाली असे समजतात. माझ्या कण्याचा आकडा वजा 2.7 होता. मग त्यांनी विचारले, “बाई, थायरॉईडची शेवटची तपासणी कधी केली होती?” मला उत्तर देता येईना.

घरी येऊन पत्र्याच्या पेटीतील सारे कागद तारीखवार लावले. त्यांत 2016 सालच्या एका शिबिरातील अहवाल निघाला. टी.एस.एच. चा आकडा 0.05 होता आणि तो मर्यादेबाहेरचा म्हणून ठळक अक्षरांत छापलेला होता. मी मुलांच्या गुणपत्रिकांतील बेरजा दोनदा तपासणारी बाई. पण तो कागद घडी घालून ठेवून दिला होता.

हा आकडा उलटा वाचावा लागतो, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. टी.एस.एच. हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हे. मेंदूच्या खाली असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉईडला जो हुकूम धाडते, तो म्हणजे टी.एस.एच. वर्ग ऐकत नसला की गुरुजी आवाज चढवितात, तसा थायरॉईड सुस्तावला की हा आकडा चढतो. गोळीची मात्रा जास्त झाली की, हुकूम देण्याचे कारणच उरत नाही आणि आकडा शून्याजवळ येतो. साधारण मर्यादा 0.4 ते 4 च्या आसपास असते; तरी आपल्या प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा आणि आपले वय, गरोदरपण वगैरे पाहूनच डॉक्टर त्याचा अर्थ लावतात.

आता याचा हाडांशी संबंध काय? हाड हे घराच्या तुळईसारखे एकदाच बसविलेले नसते. जुने हाड झिजविणे आणि नवे भरणे हे काम शरीरात अखंड चाललेले असते. थायरॉईडचे संप्रेरक प्रमाणाबाहेर झाले की या कामाची गती वाढते आणि झिजविणे भरण्याच्या पुढे जाते. पाळी गेलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनचे संरक्षण उरलेले नसते, त्यामुळे तिचे नुकसान अधिक. वाईट हे की, यात काही दुखत नाही. योग्य मात्रेत हीच गोळी हाडांना अपाय करीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर माझे भाषण ऐकून कोणी उद्यापासून गोळी बंद करावयाचे!

मात्रा कमी झाली, हाडांचे औषध, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व सुरू झाले. त्याच वेळी मी दोनशे पानी वही घातली. चार रकाने आखले: तारीख, तपासणीचा आकडा, औषधाची मात्रा, आणि चौथा, ‘नवीन काय झाले’. या चौथ्या रकान्याने पुढे माझे काम केले. काही महिन्यांनी टी.एस.एच. एकदम 9.4 वर गेला. मात्रा पुन्हा वाढवावी काय, असा प्रश्न निघाला. मी वही पुढे केली. चौथ्या रकान्यात लिहिले होते की, कॅल्शियमची गोळी विसरू नये म्हणून मी ती सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेऊ लागले होते. डॉक्टर हसले. कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यात शोषू देत नाहीत. त्यांच्यात 4 तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, एवढाच बदल केला. मात्रा न वाढविता दोन महिन्यांत आकडा ठिकाणावर आला. दोन डॉक्टर दोन चिठ्ठ्या लिहितात. दोन्ही गोळ्या एकाच पोटात जातात हे रुग्णानेच दोघांना सांगावयास हवे.

स्वतःच्या दुखण्याचा अभ्यास म्हणजे एवढेच. मात्रा बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी तपासणी करावी, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. ती शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तेही सांगावे. काही पद्धतींच्या तपासणीत त्यामुळे खोटा आकडा येतो. मात्रा मात्र आपल्या हाताने बदलू नये. मोबाईलवर गोळी कायमची सोडविण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. आयोडीनचे थेंब पिण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. प्रमाणाबाहेर आयोडीन घेतल्याने ग्रंथी उलट बिघडू शकते. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी आठवड्याची असते, ती रोज घेणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर संकट येते.

आहाराबाबत आपल्या घरचेच पुरेसे आहे. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तिळात त्याच्या कितीतरी पट. दूध, दही, रोजचे चालणे हे आपणांस ठाऊक आहेच. त्यात न्हाणीघरातील निसरडी फरशी आणि जिन्यावरचा दिवा यांची भर घाला.

पंचायतीच्या सदस्यांसाठी मिठाची एक गोष्ट राहिली. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, आणि गरोदर मातेला कमी पडले तर मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून त्याने गलगंड घटतो हे दाखवून दिले. त्यानंतर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, आणि 2006 मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी झाली. तरी आज आरोग्याच्या नावाखाली नुसते सैंधव वापरण्याची हौस वाढते आहे, आणि त्यात पुरेसे आयोडीन नसते. घरी पोहोचलेल्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान 15 भाग आयोडीन हवे. तपासणीच्या कुपीतील थेंब टाकला की आयोडीनयुक्त मीठ निळे-जांभळे होते. शालेय पोषण आहाराच्या कोठीतील मीठ असे तपासावे आणि ते झाकणाच्या बरणीत ठेवावे. शिक्षकांनी आणखी एक पाहावे: एखाद्या मुलाची उंची दोन वर्षे वाढली नाही, ते सुस्त झाले, तर त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

माझी वही मी बरोबर आणली आहे. रकाने कसे आखले ते ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.